दोन आठवड्यांसाठी पट्टायाला निघालेल्या तरुण संघाला

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या तुमच्या मंडळीच्या तरुण संघातले आठ जण डिसेंबरात दोन आठवडे पट्टायाला जाणार आहेत. बारमध्ये काम करणाऱ्या मुलींना सुवार्ता सांगायची आणि जमल्यास एखाद-दोघींना तिथून सोडवायचं, असा विचार आहे. पाळकसाहेबांचा पाठिंबा आहे, देणगीही जमू लागली आहे. तिथे नेमकं काय करावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी बँकॉक आणि पट्टाया इथे याच कामात बरीच वर्षं काढली, तीही थाई बहिणींच्या हाताखाली. म्हणून आधीच स्पष्ट सांगते. दोन आठवड्यांत तुमच्या हातून कोणाची सुटका होणार नाही आणि तुम्ही तसा प्रयत्नही करू नये. तुमची कळकळ खरी आहे, म्हणूनच हे उत्तर सविस्तर लिहिते आहे.

ती मुलगी तिथे का आहे, ते आधी समजून घ्या. पट्टाया हे एके काळी मासेमारीचं गाव होतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात जवळच उतापाओचा विमानतळ अमेरिकन फौजेच्या वापरात होता आणि १९६७ मध्ये सैनिकांना सुटी घालवायला थायलंडमध्ये पाठवण्याचा करार झाला. सैनिक गेले, पण बार आणि हॉटेलं राहिली. पुढे त्यांच्या जागी पर्यटक आले. बारमधल्या बहुतेक मुली मात्र पट्टायाच्या नसतात. त्या इसानमधून, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातून येतात: उदोन थानी, बुरीराम, सुरिन, सिसाकेत. पावसाच्या भरवशावरचं भाताचं एक पीक, आणि ते गेलं की सावकार. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. थायलंडमध्ये कायद्याने खासगी कर्जावर वर्षाला १५ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. गावातला बिगरपरवाना सावकार महिन्याला २० टक्के लावतो आणि वसुलीला मोटारसायकलवरून माणूस पाठवतो.

त्यात लेकीचं कर्तव्य. थाई घरात मुलगा काही महिने भिक्षू होतो आणि आईवडिलांच्या पदरात पुण्य घालतो. मुलीला ती वाट नाही. ती पैसे पाठवून ऋण फेडते. तिचं स्वतःचं मूल बहुधा गावी आजीकडे असतं, मुलाचा बाप निघून गेलेला असतो. बँकॉकमध्ये आज किमान वेतन दिवसाला ४०० बाट आहे. त्यात खोलीचं भाडं, स्वतःचं खाणं आणि गावाकडे पाठवायचा पैसा बसत नाही, हा हिशेब तिने तुमच्या आधी शंभरदा मांडलेला असतो. तेव्हा ‘हे सोडून दे’ म्हणणाऱ्या माणसाला तिचा पहिला प्रश्न असतो: मग पुढच्या महिन्यात आईला काय पाठवू?

या प्रश्नाचं उत्तर नसेल तर आपली प्रार्थना तिला धीर देईल, पण तिचा महिन्याचा खर्च काही भागणार नाही.

सगळ्याच जणी कर्जापायी येतात असंही नाही. काहींना फसवून आणलेलं असतं, विशेषतः म्यानमार आणि लाओसमधून, आणि बँकॉकमधल्या ‘नाना’ नावाच्या भागात युगांडा, केनिया, उझबेकिस्तानच्या बायकाही भेटतात, ज्यांचे पासपोर्ट दुसऱ्याच कोणाकडे असतात. उत्तरेकडच्या डोंगरातल्या आखा, लाहू, करेन या जमातींमधल्या मुली असतात. त्यांच्यापैकी कित्येकींकडे थाई नागरिकत्वाचा कागद नसतो. या जमातींमध्ये मिशनरी पूर्वीच पोहोचलेले आहेत, त्यामुळे बारमध्ये तुमच्यासमोर बसलेली मुलगी कदाचित रविवारच्या शाळेत वाढलेली, तुमच्याइतकीच ख्रिस्ती असते. तिला येशूची ओळख करून द्यायला निघालात आणि तिने तुम्हालाच स्तोत्र म्हणून दाखवलं, तर काय बोलाल?

आता बारचं काम कसं चालतं ते. मुलीला महिन्याचा पगार असतो, पण तो अटींवर. महिन्याला ठरावीक ‘लेडी ड्रिंक’ व्हायला हवीत, म्हणजे गिऱ्हाइकाने तिच्यासाठी चढ्या भावाने घेतलेलं पेय. त्यातला काही भाग तिला मिळतो. गिऱ्हाइकाला तिला बाहेर न्यायचं असेल तर तो बारला ‘बार फाइन’ भरतो, आणि तेही किती व्हायला हवेत याचा आकडा ठरलेला असतो. आकडा भरला नाही की पगार कापतात. उशीर झाला, दंड. वजन वाढलं, काही ठिकाणी त्यालाही दंड. हे सगळं सांभाळणारी बाई म्हणजे मामासान. ती स्वतः बहुधा याच कामातून वर आलेली असते. तिला शत्रू समजून चालू नका. तिने हरकत घेतली नाही तरच तुमचं दार उघडं राहतं.

थाई बहिणींबरोबर आम्ही जायचो ते संध्याकाळी सात-साडेसातला, गर्दी व्हायच्या आधी. त्या वेळी दिवे लागलेले असतात, पण गाणी अजून हळू असतात. मुली आरशासमोर पापण्या चिकटवत असतात. कोणी प्लास्टिकच्या पिशवीतून चिकट भात आणि पपईचं सोमतम खात असते. काउंटरच्या मागे एक छोटं देवघर असतं, त्यासमोर लाल सरबताची बाटली स्ट्रॉ घालून ठेवतात आणि कामाला उभं राहण्याआधी हात जोडतात. आपण दोघी-तिघी बसायच्या. एका मुलीसाठी साधा कोला घ्यायचा, पण पैसे लेडी ड्रिंकचे द्यायचे, कारण ती आपल्याजवळ बसते तो तिच्या कमाईचा वेळ असतो. मंडळीच्या देणगीतून बारमध्ये पैसे द्यायचे का, यावर आमच्यात पुष्कळ वाद झाले आहेत. माझं मत पक्कं आहे: द्यायचे. तिचा वेळ फुकट मागण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.

मग गप्पा. तिचं गाव कुठलं, मूल किती मोठं झालं. ती मोबाईल काढते आणि पोराचा शाळेच्या गणवेशातला फोटो दाखवते. वीस मिनिटांनी आपण उठतो, एक छोटं कार्ड ठेवतो ज्यावर थाई भाषेत आमच्या केंद्राचा पत्ता आणि नंबर असतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. कधी वर्षभरानंतर फोन येतो, तोही बहुधा रात्री, पोटात असह्य दुखतंय किंवा कोणीतरी मारलंय म्हणून. त्या फोनला थाई बोलणारी, तिच्या ओळखीची बाई हजर असावी लागते. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला हे जमणार नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

बार सोडल्यानंतरचे पहिले महिने सगळ्यांत कठीण असतात, आणि त्याबद्दल मंडळ्यांमध्ये फार कमी बोललं जातं. बँकॉकमध्ये अ‍ॅनी डीझलबर्ग या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी बाईंनी २००५ मध्ये नाइटलाइट सुरू केलं. तिथे बायका दागिने बनवतात आणि त्याचा पगार मिळतो. अशाच प्रकारच्या एका कामाच्या टेबलावर मी बसलेली आहे. नवीन आलेली मुलगी सकाळी नऊला येते ती डोळे चोळतच, कारण कित्येक वर्षं तिची झोपायची वेळ पहाटे पाचची होती. रोजची दारू एकदम सुटल्यामुळे बोटं थरथरतात, मणी दोऱ्यात जात नाही, घरंगळून टेबलाखाली जातो. शेजारची बाई काही न बोलता तो उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवते. दोन वर्षांपूर्वी तिचीही बोटं अशीच थरथरत होती. दुपारी गावाहून आईचा फोन येतो: या महिन्यात कमी का पाठवलेस? मुलगी बाहेर जाऊन बोलते. परत येते ती रडून किंवा गप्प होऊन. पुष्कळ जणी या टप्प्यावर बारला परत जातात. काही पुन्हा येतात, काही तिसऱ्यांदा येतात. जी संस्था परत आलेल्या बाईला पहिल्यासारखंच टेबलावर जागा करून देते, तीच या कामाला लायक, असं मी मानते.

आता सुवार्तेबद्दल. तुमच्या मुख्य हेतूला मी हात घालते आहे, म्हणून जरा जपून वाचा. मी स्वतः विश्वासणारी आहे. प्रभू येशू या बायकांना शोधत येतो, यावर माझं आयुष्य उभं आहे. तरीही निवारा, पगार, औषध, वकील यांतलं काहीही उपासनेच्या हजेरीला बांधलेलं असता कामा नये. कागदावर कोणीच बांधत नाही. पण सकाळच्या प्रार्थनेला न आलेल्या मुलीकडे बघण्याची नजर बदलते, तेवढं तिला पुरतं. तिच्याकडे जायला दुसरं ठिकाण नसतं. ती ‘हो’ म्हणेल, बाप्तिस्माही घेईल. कंबोडियात छाब दाय या ख्रिस्ती संस्थांच्या संघटनेने २०१० पासून दहा वर्षं अशा शंभराहून अधिक व्यक्तींशी संपर्क ठेवून अभ्यास केला, ज्या आश्रयगृहातून घरी परतल्या होत्या. त्यात दिसलं की आश्रयगृहात उपासनेला जाणाऱ्या मुली बौद्ध घरी परतल्यावर दोन्हीकडून ओढल्या जात होत्या, आणि घरचं कर्ज व मारझोड जिथल्या तिथे होती. हा अभ्यास ख्रिस्ती लोकांनीच स्वतःच्या कामाचा केला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

दार आतून बंद केलं की मंडळीच्या हातून काय घडतं, याचा इतिहास आहे. आयर्लंडमध्ये कॅथलिक भगिनींच्या मॅग्डलेन लाँड्रीत ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना ठेवून, बिनपगारी कपडे धुवायला लावत. त्यातली शेवटची १९९६ मध्ये बंद झाली आणि २०१३ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी, एन्डा केनी यांनी, सरकारच्या वतीने संसदेत माफी मागितली. त्या लाँड्र्या चालवणाऱ्या संघांपैकी एक गुड शेफर्ड भगिनींचा. त्याच संघाच्या भगिनी १९८८ पासून पट्टायात फाउंटन ऑफ लाइफ हे केंद्र चालवतात. तिथे बाई सकाळी येते, भाषा, शिवण किंवा केस कापायला शिकते आणि आपल्या खोलीवर परत जाते. अजून बारमध्ये काम करत असली तरी वर्गात बसू शकते. पट्टायाला पोहोचलात की आधी हे केंद्र बघा.

आणि आपल्याकडचं एक उदाहरण. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलॅमच्या आश्रमात पाठवलं, तिथे त्या भगिनी देहविक्रीतून आलेल्या बायकांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी आपल्या साक्षीत सांगितलं आहे की अशा बायकांसाठी कोणी इतक्या मायेने काही करताना त्यांनी आपल्या देशात कधी पाहिलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. यातला क्रम बघा. आधी सेवा दिसली, मग बघणारीने स्वतः होऊन विचारलं, आणि मगच शास्त्र उघडलं. पट्टायातही मी हाच क्रम पाळत आले. मुली विचारतात. कधी तिसऱ्या महिन्यात, कधी तिसऱ्या वर्षी, पण विचारतात.

‘सुटका’ या तुमच्या शब्दावर थोडं बोलते, कारण देणगीच्या पत्रकांत तो फार चालतो. थायलंडच्या १९९६ च्या कायद्याने देहविक्रय हा गुन्हा आहे आणि छाप्यात पहिली पकडली जाते ती बाई. परदेशी असेल तर आधी कोठडी किंवा सरकारी निवारा, आणि मग मायदेशी रवानगी. कर्ज मात्र डोक्यावर तसंच. एम्पॉवर ही थायलंडमधल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांची १९८५ पासूनची स्वतःची संघटना. तिने २०१२ मध्ये छाप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आम्हाला वाचवायला आलेल्यांनीच आमचे हाल केले, असं ठणकावून सांगितलं. आपल्या सांगलीच्या गोकुळनगरातही २००५ मध्ये एका अमेरिकन ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांचा छापा पडला होता आणि तिथल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी त्याला कडाडून विरोध केला. एम्पॉवरच्या आणि आमच्या विचारांत अंतर आहे; देहविक्रय हे इतर कामांसारखंच एक काम आहे, असं मी मानत नाही. पण छाप्याबद्दल त्या जे सांगतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

याला अपवाद अल्पवयीन किंवा डांबून ठेवलेल्या मुलीचा. एखादी मुलगी अठराच्या आतली वाटली, किंवा कोणी डांबून ठेवल्यासारखी वाटली, तर तिला प्रश्न विचारत बसू नका, तिला बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. बारचं नाव, गल्ली, वेळ लक्षात ठेवा आणि ज्या संस्थेकडे उतरला आहात तिला त्याच रात्री सांगा. सरकारी मदतक्रमांक १३०० आहे, पण तिथे थाई माणसाने बोललेलं बरं.

कायद्याची एक बाब तुमच्याबाबतची. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना थायलंडमध्ये विनाव्हिसा पर्यटनाला जाता येऊ लागलं. निघण्याआधी आजचा नियम तपासाच, पण पर्यटक म्हणून आत गेलेल्या माणसाला तिथे काम करता येत नाही, आणि बिनपगारी स्वयंसेवाही थाई कायद्यात कामातच धरली जाते. पत्रकं वाटताना पकडले गेलात तर तुम्ही पुण्याला परत याल. अडचणीत येईल ती तुम्हाला बोलावणारी थाई मंडळी.

फोटो काढायचे नाहीत. पाठमोरेही नाहीत, चेहरा पुसट करूनही नाहीत. बुरीरामच्या एका मुलीच्या घरी ती हॉटेलात काम करते असंच ठाऊक होतं. एका परदेशी पाहुण्याने टाकलेल्या फोटोतल्या हातावरच्या गोंदणावरून भावाने तिला ओळखलं. परतल्यावर मंडळीत साक्ष देताना कोणा बाईची करुण कहाणी सांगू नका. तुम्ही काय शिकलात ते सांगा. तिची कहाणी तिची आहे.

आता जे तुम्ही करू शकता, आणि तिथल्या आम्हा कोणापेक्षाही चांगलं करू शकता, ते सांगते. पट्टायातल्या वॉकिंग स्ट्रीट या बारच्या रस्त्यावर संध्याकाळी हिंदी, गुजराती, मराठी सर्रास कानावर येतं. कंपनीची ट्रिप, लग्नाआधीची मित्रांची पार्टी, डीलर मीटिंगचं बक्षीस, अशा निमित्तांनी आपली माणसं टोळक्याने येतात. मुलींशी कसं बोलतात, भाव कसा पाडतात, हे मी ऐकलेलं आहे आणि लाजेने मान खाली गेलेली आहे. त्यांच्यात मंडळीतली माणसंही असतात. तुमच्या आठ जणांत मुलगे किती आहेत, तुम्ही लिहिलेलं नाही. पण त्यांना बारमध्ये नेऊ नका. मुलींच्या दृष्टीने तेही गिऱ्हाइकंच. त्यांचं काम पुण्यातच आहे. तरुण संघाच्या एका सभेत, मुलगे वेगळे बसवून, या विषयावर मोकळं बोला. ‘थायलंड ट्रिप’ या शब्दावर ऑफिसात जे हसू उमटतं, तिथे बोलायला एक धीट मुलगा लागतो. मागणी इथून जाते. ती इथे एका माणसानेही कमी झाली तर ते खरं मिशनकार्य आहे, आणि त्याला व्हिसा लागत नाही.

पैशाचं बघू. आठ जणांचं तिकीट, राहणं, खाणं माणशी साठ हजार धरलं तरी चार लाख ऐंशी हजार होतात. तेवढ्या पैशात एखाद्या केंद्रातल्या बाईचं सावकारी कर्ज फिटून तिचा प्रशिक्षणाच्या काळातला पगारही निघतो. मी सगळे पैसे पाठवा म्हणत नाही. माझी सूचना अशी: आठांऐवजी दोघी जणी जा, शक्यतो एक वयाने मोठी, आणि दोन आठवडे बघायला, शिकायला जा. फाउंटन ऑफ लाइफ आणि नाइटलाइट यांना तीन महिने आधी पत्र लिहून विचारा की आम्ही भेट देऊ शकतो का. ते नको म्हणाले तर तेही मान्य करा. उरलेला पैसा तिथल्या कामाला द्या. वैयक्तिक देणगी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) बँकेतूनच परदेशी पाठवता येते. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून मात्र परस्पर पाठवू नका, आयकराच्या सवलतीवर गदा येऊ शकते. आधी सीएचा सल्ला घ्या.

त्या दोघींपैकी एखादीला परत आल्यावरही चैन पडेनासं झालं, तर तिने मला पुन्हा लिहावं. तिला मी सांगेन की पहिलं वर्ष फक्त थाई शिकण्यात घालव, दुसऱ्या वर्षी इसानची बोली कानावर पडू दे, आणि तोवर केंद्रातली भांडी घास, मुलं सांभाळ, हिशेब लिही. मिशनरी म्हणून राहायचा व्हिसा तिथल्या नोंदणीकृत मंडळीमार्फत मिळतो, त्यामुळे थाई पाळकाच्या अधिकाराखाली राहायची तयारी लागते. घरी आईवडिलांना ‘किमान पाच वर्षं लागतील’ असं सांगून निघ. लग्नाचं, नोकरीचं काय, हे प्रश्न येतील, ते टाळू नकोस. आणि तुमची मंडळी दर महिन्याला तिच्यासाठी ठरलेली रक्कम पाठवणार का, हे ती निघण्याआधी पंचकमिटीत लेखी ठरवून घ्या.